चार पिवळ्या गोळ्यांच्या मागे खाडीकाठाने

कोकणात माणसं समुद्र बघायला जातात, किल्ला बघायला जातात, निदान मासे खाऊन वजन वाढवायला तरी जातात. मी गेलो तो चिखल आणायला. खरं तर चिखल माझ्या मुलीला, मृण्मयीला हवा होता. ती जंतूंवर संशोधन करते, आणि खाडीच्या गाळातले जंतू औषधांना दाद का देईनासे झालेत हे शोधणं हा तिचा सध्याचा उद्योग आहे. निघायच्या आठवडाभर आधी ती स्कूटरवरून पडली, उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि निवृत्त चित्रकला शिक्षक असलेल्या बापाला ड्रायव्हरची नोकरी लागली. सांगलीहून निघताना तिने डिकीत बर्फाची पेटी, निर्जंतुक बाटल्या आणि हातमोजे भरले. मी माझी औषधांची पिशवी घेतली.

ह्या पिशवीबद्दल आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघाला. गेली कित्येक वर्षं माझा नेम असा, की डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या तर तीन दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की थांबायचं आणि उरलेल्या पिशवीत टाकायच्या. मग कुणी खोकलं, कण्हलं, की पिशवी उघडायची. शाळेत माझ्या चित्रांना कुणी विचारत नसे, पण पिशवीला फार मान होता. मृण्मयीला ती दिसली की तिच्या कपाळावर आठ्या चढतात, म्हणून ह्या वेळी मी ती शर्टांच्या खाली दडवली होती.

बुधवार, धामापूर

धामापूरला भगवतीचं दर्शन घेऊन तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. पलीकडची झाडी पाण्यात जशीच्या तशी उलटी उतरली होती, आणि माझा हात ब्रशसाठी शिवशिवत होता. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी न विचारता तळ्याची गोष्ट सांगितली. पूर्वी कुणाच्या घरी लग्न निघालं की फुलांची परडी तळ्यात सोडायची, आणि ती दागिन्यांनी भरून वर यायची. लग्न उरकलं की दागिने पुन्हा तळ्याला. पुढे एकाने ते परत केले नाहीत, आणि तेव्हापासून तळ्याने हात आखडला.

"जंतूंचंही असंच असतं बाबा," मृण्मयी म्हणाली. "फक्त ते परत मागत नाहीत आणि हातही आखडत नाहीत."

जंतू आपल्या पिल्लावळीला वारसा देतात एवढं मला माहीत होतं. पण औषधाला पुरून उरायची युक्ती ते शेजाऱ्यालाही देतात, हे मी त्या पायरीवर बसून पहिल्यांदा ऐकलं. ही युक्ती बऱ्याचदा एका बारीकशा गोल कड्यावर लिहिलेली असते. दोन जंतू जवळ आले की मध्ये नळी जोडली जाते आणि कड्याची नक्कल पलीकडे जाते. शेजारी परक्या जातीचा असला तरी चालतं. कुणी मेला तर त्याचं पाण्यात सांडलेलं सामान दुसरे उचलून घेतात. कधी विषाणू निरोप्याचं काम करतात. आणि कडं जितकं फिरेल तितक्या त्यात नव्या युक्त्या जमत जातात.

"चार-चार, पाच-पाच औषधांवरचे तोडगे एकाच कड्यात सापडतात," ती म्हणाली.

"आणि ही देवघेव चालते कुठे?"

"गाळात. जिथे खूप जण दाटीने राहतात आणि वरून थोडं थोडं औषध झिरपत असतं. माणसांचं, गुरांचं, कोंबड्यांचं."

मी गंभीरपणे मान डोलावली. शर्टांखालची पिशवी मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही.

बुधवार संध्याकाळ, खाडीकाठ

आम्ही ज्या गावात उतरलो त्याचं नाव लिहीत नाही. त्या माणसांनी मला जेवू घातलंय. मालवणहून फार लांब नाही, एवढं पुरे.

आमचा यजमान बाबल. माडांची बाग, तोंडात सतत दुखत असलेली दाढ, आणि जगातल्या कुठल्याही कामाला "जाता, काय प्रॉब्लेम नाय" हे एकच उत्तर. मृण्मयीला खाडीकाठच्या चार घरांसमोरचं, तळ ढवळून काढलेलं गढूळ पाणी हवं होतं. तिचा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून ठरलं असं की बाटल्या त्या त्या घरी द्यायच्या आणि ओहोटीला घरच्यांनी भरून ठेवायच्या. चार घरं म्हणजे वरच्या अंगाला बाबल, मग कोंबड्या पाळणाऱ्या शेवंतीवहिनी, मग देवळातले दाजी गुरव, आणि खाडीच्या तोंडाशी एकटी राहणारी फिलूबाय.

पण इथे देवाला सांगितल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. आमच्याकडे नारळ फोडला की देवाचा आणि आमचा व्यवहार संपतो. इथे देवाला सविस्तर गाऱ्हाणं घालतात. दाजी गुरव बाटल्या देवासमोर मांडून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! ह्या सांगलीचा चेडू तुझ्या खाडीतली घाण शोधूक इलासा. तेका व्हयी तितकी घाण गावू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडलो.

"आणि ह्या गावाची अब्रू आसा तशी ऱ्हवू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दुसरा होकार पहिल्यापेक्षा बराच मोठा होता. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. बाबल, वहिनी आणि दाजी, तिघांनीही बाटल्या घेताना "परवा देतो" असं सांगितलं, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दाराशी असलेलं पाणी बाटलीत भरायला दोन दिवस कशाला लागतात?

गुरुवार, फिलूबायच्या घरी

फिलूबायने मात्र गुरुवारी भल्या पहाटेच्या ओहोटीला बाटली भरून ठेवली. पाणी काळंभोर, वर कुजक्या अंड्याचा वास.

"ह्या घे बाये," तिने मृण्मयीला सांगितलं. "ह्याच्यापरास वायट आमच्याकडे काय नाय."

मृण्मयीचा चेहरा जसा उजळला तसा तिच्या दहावीच्या निकालालाही उजळला नव्हता.

फिलूबाय सत्तरीला टेकलेली. ओहोटीला खडकावरची कालवं फोडून विकायची, त्यावर तिचं घर चालतं. पावसाळा सरता सरता कालवाच्या शिंपल्याने तिच्या उजव्या पायाचं बोट कापलं, ते अजून भरलेलं नाही. तरी पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून ती पाण्यात उतरतेच. दुपारी तिने आम्हाला कालवांचं तिखलं, उकडा भात आणि सोलकढी वाढली. तिखल्याच्या पहिल्या घासाला मी सांगली विसरलो, तिसऱ्या घासाला वय विसरलो. वाढताना ती लंगडत होती. फार वाईट वाटलं मला.

"तीन तऱ्हेच्या गोळये खावन झाले," ती म्हणाली. "बोट ऐकणा नाय."

मृण्मयी हात धुवायला मागल्या दारी गेली होती. मी खिशातून, तिथे आधीच येऊन बसलेल्या चार पिवळ्या गोळ्या काढल्या. दिवाळीत माझा घसा बसला होता, त्यातल्या उरलेल्या. "रोज एक. चार दिवसांत पाय खडखडीत," मी डॉक्टरी आवाजात म्हणालो.

फिलूबायने गोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "देव बरें करूं," म्हणाली आणि फळीवरच्या गोल पत्र्याच्या डबीत त्या टाकल्या. कधी काळी बिस्किटांची असावी; झाकणावर एका जहाजाचं पुसट चित्र होतं. मग ती बांद्याला भाचीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला जायची तयारी करू लागली. तीनची एसटी होती, परत शनिवारी सकाळी.

संध्याकाळी बाबलच्या ओटीवर चहा पिताना मृण्मयी सहज म्हणाली, "फिलूबायची शनिवारी तपासणी आहे. डॉक्टरांनी आठ दिवस एकही गोळी घ्यायची नाही असं बजावलंय. जखमेतला पू तपासायचा, त्यातल्या जंतूंना नेमकं कुठलं औषध लागू पडतं ते बघायचं. नाहीतर बोट काढावं लागेल. मध्ये एक जरी गोळी पोटात गेली तरी तपासणी फसू शकते."

चहा माझ्या नाकातून बाहेर आला.

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण शाळेत मुलांच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवण्यात माझा जन्म गेला, स्वतःची दाखवायची सवय नाही. मी परसात जाऊन फिलूबायला फोन लावला. खाडीच्या तोंडाकडून, तिच्याच कुलूपबंद घरातून, घंटी ऐकू आली.

शुक्रवार, घरोघरी

सकाळी बाटल्या गोळा करायला मी एकटाच निघालो. पहिला बाबल. त्याने बाटली अशा अदबीने दिली की जणू गंगाजल. पाणी आरपार स्वच्छ. झाकण उघडलं तर वाळ्याचा सुगंध.

"हे खाडीचं?"

"खाडीचा कित्याक? बावडीचा! उकळून, गार करून, वाळो घालून," बाबल दुखावला. "पावण्यांनी पाणी मागल्यार आमी काय गाळाचा देवचा? आमका लाज नाय?"

मी काही बोलणार तोच माझं लक्ष त्याच्या गालाकडे गेलं. सूज उतरली होती.

"फिलूबायनं गोळये दिल्यान," तो खूष होऊन म्हणाला. "एसटीक जाताना. म्हणाली, माका नको, तुका व्हये तर घे. पिवळी. एक खाल्लंय, दाढ गप."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. एक गोळी सापडली होती! चारही गोळ्यांचा असा पत्ता लागला, तर फिलूबायने एकही खाल्ली नाही हे सिद्ध होणार होतं. "बाकीच्या कुठायत?"

"डबी वहिनीकडे धाडलंय. तिचे कोंबये मलूल पडलेत. पण डबीत पयलो खड्डो पडललो ना, म्हणून माझ्या पाठदुखीच्या दोन घातलंय."

शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आमच्याकडेही आहे. आम्ही चिमूटभर साखर घालतो आणि मोकळे होतो. इथे तर भांडं नुसतं जरा हलकं झालं तरी माणसं अस्वस्थ होतात.

शेवंतीवहिनींच्या बाटलीत खाली गाळ होता. मला आनंद झाला, पण गाळ पांढरा होता. "तीन पाण्यातसून धुतलंय," त्या अभिमानाने म्हणाल्या. गाळ धुणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पिवळी गोळी? ती त्यांनी कुटून कोंबड्यांच्या पाण्यात घातली होती. कोंबड्या पिऊन उरलेलं पाणी पन्हळीतून खाडीकडे निघालं होतं, आणि त्यातलं घोटभर बाबलचा कुत्रा पीत होता. डबी? "दाजींकडे. त्येंच्या माडाक काय तरी लागलासा. सासूबाईंच्या खोकल्याच्या तीन लाल घातलंय त्यात."

मी जवळजवळ धावतच दाजी गुरवांकडे गेलो. त्यांनी पाण्यातून तुरटी फिरवली होती आणि वर तुळशीचं पान तरंगत होतं. पिवळी गोळी माडाच्या मुळात गेली होती.

"माडाला गुण आला?" मी विचारलं. का विचारलं ते मला माहीत नाही.

"आज जरा ताठ वाटता," दाजी वर बघत म्हणाले.

नातवाच्या तापाच्या सहा गोळ्या भर घालून त्यांनी डबी फिलूबायच्या खिडकीत नेऊन ठेवली होती. तिची डबी, जहाजाची, गावात सगळ्यांना ठाऊक.

दाढ, कोंबड्या, माड. तीन झाल्या. चौथी एक तर डबीत होती, नाहीतर फिलूबायच्या पोटात. मी खिडकीशी पोचलो. गजांच्या आत, हातभर अंतरावर जहाज दिसत होतं. मी हात घातला. बोटं झाकणाला लागली, आणि कोपर गजांत अडकलं. ना आत, ना बाहेर.

"बाबा, काय करताय?"

मागे मृण्मयी. तिचा एक हात गळ्यात, माझा एक हात खिडकीत.

"बाटली बघतोय," मी म्हणालो.

"फिलूबायची बाटली कालच मिळाली." तिने शेवंतीवहिनींकडून खोबरेल आणलं, माझं कोपर सोडवलं, आणि आणखी काही सांगायचंय का, अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिली. मी गाळ कसा धुतला ते सांगत बसलो. तिन्ही बाटल्या उजेडाकडे धरून ती आधी हसली, मग तिचे डोळे भरले. एवढ्या लांब येऊन हाती फक्त एक खरी बाटली.

"उद्या मी उतरतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शनिवार

सकाळच्या ओहोटीला मी तीन घरांसमोर गुडघाभर गाळात उतरलो. काठावरून बाबल, वहिनी आणि दाजी शरमेने मान फिरवून उभे होते, पाहुण्याला चिखलात बघवेना म्हणून. तीन नव्या बाटल्या भरल्या. डावी चप्पल खाडीने ठेवून घेतली. तसाच, कंबरेपर्यंत काळा, मी एसटीच्या थांब्यावर गेलो. फिलूबाय उतरली आणि मला बघून तिने छातीवर क्रूस काढला.

"फिलूबाय, गोळी खाल्लीत का?"

"आदी धुवन येवा," ती म्हणाली.

मी धुतलं नाही. तिच्या मागोमाग घरात गेलो, डबी घेतली आणि बाजेवर उलटी केली. चार गोळ्या गेल्या होत्या, अकरा परत आल्या होत्या. पांढऱ्या, लाल, गुलाबी. पिवळी एकही नव्हती.

मी जमिनीवर बसलो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मृण्मयी दारात आली होती. दोघींसमोर सगळं सांगितलं. पिशवी, दिवाळीतला घसा, डॉक्टरी आवाज. "तुमचं बोट गेलं तर ते माझ्यामुळे," मी म्हणालो.

फिलूबायने पदराने माझ्या कपाळावरचा चिखल पुसला. "मास्तरानू, चवथी तुमच्याच चेडवाक दिलंय."

मृण्मयीने हाताच्या झोळीतून कागदाची पुडी काढली. आत पिवळी गोळी. "गुरुवारी निघताना ह्यांनी मला दाखवली. म्हणाल्या, तुझ्या बापाशीन दिल्यान, खाव काय? मी नको म्हटलं. आणि तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत राहिले." ती थांबली. "पण चवथी म्हणजे? आणखी तीन होत्या?"

मी सांगितलं. दाढेपाशी तिने डोळे मिटले. कोंबड्यांपाशी हसू फुटलं. माडापाशी ती बाजेवर आडवी झाली. मग एकदम उठली आणि वहिनींच्या कोंबड्यांचं पाणी खाडीत नेमकं कुठे उतरतं ते विचारलं. मी सकाळी जिथे उभा होतो तिथेच. तिने ती बाटली काढली आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, चिठ्ठीवर लिहिलं : "औषधाचा स्रोत – बाबा." संशोधनात माझं नाव येण्याची ही पहिलीच वेळ.

"पण तुम्ही वाटल्यात कशाला?" मी फिलूबायला विचारलं. "मला परत द्यायच्या."

"पावण्यान दिलेला परत करूचा नसता. टाकूचा पण नसता. मगे वाटूक नको?"

मी अकरा गोळ्या डबीत भरल्या, गाडीतल्या शर्टांखालून माझी पिशवीच काढून तिच्यातल्याही जेवढ्या मावल्या तेवढ्या कोंबल्या, आणि तरातरा काठावर गेलो. सगळं एकदाचं खाडीत भिरकावून मोकळं व्हायचं होतं. हात वर नेला.

"मास्तरानू!" फिलूबाय दुखऱ्या पायाने धावत आली होती. "खंय टाकतात ता? थंय माझी कालवां आसत!"

तीन दिवस गावाला मनातल्या मनात हसणारा मी, हात वर तसाच धरून उभा राहिलो. मग डबी गुपचूप गाडीत ठेवली. अकरा वाजता फिलूबायला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सने आधी मलाच रुग्ण समजून बसवलं.

सांगली, नंतर

गोळ्या मृण्मयीने तिच्या प्रयोगशाळेच्या कचऱ्यासोबत भट्टीत जाळायला दिल्या. पिशवीही. चारही बाटल्यांमधून तेच एक कडं निघालं, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या जंतूंच्या अंगात. खाडीच्या तोंडाकडे येईतो ते भरत गेलं होतं. गोळ्या वाटल्या जाण्याआधी गाळात काय होतं आणि माझ्या गोळ्यांनी त्यात काय भर घातली, हे सांगता येणार नाही म्हणे. ती माझी समजूत घालत होती, की एवढ्याशाने काही होत नाही. ती खोटं बोलताना डावीकडे बघते, आईसारखी.

फिलूबायच्या जखमेतल्या जंतूंनी लांबलचक यादीतली बहुतेक औषधं धुडकावली. दोनच लागू पडत होती. त्यातलं एक तिने शेवटच्या दिवसापर्यंत घेतलं. रोज दाजी गुरव समोर उभे राहून घ्यायला लावत होते.

मग एक दिवस बाबलच्या फोनवरून तिचा फोन आला. बोट राहिलं. भरून आलं. मला फार आनंद झाला. म्हटलं, "फिलूबाय, तुमची जहाजाची डबी माझ्याकडेच आहे. बेदाणे भरून पाठवतो. इथले सांगलीचे, चांगले."

पलीकडे मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"नको मास्तरानू," ती म्हणाली. "डबी ह्या येळेक रिकामीच धाडा."

मी डबी गरम पाण्याने धुतली, उन्हात वाळवली, कागदात बांधली. पोस्टातल्या बाईंनी ती कानाशी नेऊन हलवली आणि विचारलं, "ह्यात आहे तरी काय?"

"काही नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं, म्हणून कागद सोडून, झाकण उघडून दाखवलं.